बल्ब नव्हे, भिंत बघा

"एलईडी टाकू का रे भाऊ गाडीला?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. हेडलाईटमध्ये एलईडी बल्ब मी टाकले होते, सात महिने वापरले आणि काढून ठेवले, हे ओळखीत सगळ्यांना माहीत आहे. पण टपरीवर चहा पिता पिता दोन मिनिटांत सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

माझी गाडी साधी छोटी कार, एच-४ बल्बची. जळगाव जिल्ह्यातला चोपडा ते रावेर हा माझा कामाचा पट्टा. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता ज्यांनी रात्री चालवलाय त्यांना जास्त सांगायला नको. दोन्ही अंगांना केळीच्या बागा, कडेला झाडं, बहुतेक ठिकाणी मधे दुभाजक नाही, समोरून केळीचे ट्रक, आणि मधेच रात्रीच्या विजेवर शेतातली मोटर चालू करायला निघालेला एखादा शेतकरी, मोटरसायकलवर, कानाला मफलर गुंडाळून. अशा रस्त्यावर कंपनीच्या बल्बचा पिवळसर उजेड अपुरा पडतो, हे खरंच आहे. ज्याला एलईडी टाकावासा वाटतो, त्याची गरज खोटी नाही. मलाही त्याच गरजेनं दुकानात नेलं.

मे महिन्यात बल्ब बसवले आणि पहिल्याच रात्री मी खूश झालो. बॉनेटसमोरचा रस्ता दुधासारखा पांढरा, खडी मोजून घ्या. समोरचे डिपर मारायचे, म्हणजे दिव्याची उघडझाप करायचे, पण मला वाटायचं, नवीन लाईट आहे म्हणून मारतात. डिसेंबरात एका रात्री यावलच्या अलीकडे माझे चुलते समोरून आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, वय सत्तरीच्या पुढे. शेतातून मोटरसायकलवर परत येत होते. माझी गाडी जवळ आली आणि त्यांनी मोटरसायकल सरळ कडेच्या चारीत घातली. पाय टेकवून सावरले म्हणून बरं. मी उतरून धावलो, तर म्हणाले, "माले काहीच दिखनं नही. तुना लाईट निस्ता डोयामा."

मी डिपरवर होतो, म्हणजे दिव्याचा खालचा झोत लावलेला होता. डिपरवर असताना उजेड त्यांच्या डोळ्यांत गेलाच कसा, हे समजल्याशिवाय मला चैन पडेना.

त्यासाठी आधी कंपनीचा जुना, म्हणजे हॅलोजन बल्ब हातात धरून बघा. (काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की तिथं काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.) एच-४ बल्बच्या आत दोन तारा असतात. टोकाकडची तार डिपरची, मागची अप्परची, म्हणजे लांब फेकणाऱ्या वरच्या झोताची. टोकाकडच्या तारेखाली चमच्याच्या आकाराची एक इवलीशी धातूची वाटी दिसेल. सगळी करामत त्या वाटीची आहे. वाटीमुळे डिपरच्या तारेचा उजेड खाली जातच नाही, फक्त डूमच्या (ज्यात बल्ब बसतो त्या दिव्याच्या खोक्याच्या) आतल्या आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो. ती तार आरशाच्या नाभीच्या (जिथला उजेड आरसा सरळ झोतात फेकतो त्या बिंदूच्या) जराशी पुढे असते, त्यामुळे वरचा अर्धा भाग तो उजेड खाली, रस्त्यावर फेकतो. वाटी नसती तर खालच्या अर्ध्या भागावर पडलेला उजेड उलटा वर गेला असता, म्हणजे समोरच्याच्या तोंडावर. वाटीची एक कड १५ अंशांनी तिरपी असते. तिच्यामुळे डिपरचा उजेड आपल्या डाव्या अंगाला थोडा वर चढतो, कडेची माणसं, बैलगाडी, मैलाचा दगड दिसावा म्हणून. उजवीकडे, जिथून समोरची गाडी येते, तिकडे तो खालीच राहतो.

म्हणजे रस्त्यावरचा फोकस एकटा बल्ब तयार करत नाही. बल्ब, वाटी आणि आरसा मिळून करतात, आणि तो आरसा त्या दोन तारांच्या नेमक्या जागेवर बेतून घडवलेला असतो.

आता एलईडी बल्ब. त्यात तार नसते, एका चपट्या पट्टीच्या दोन अंगांना बारीक चिप बसवलेल्या असतात. हॅलोजनची तार चहूबाजूंनी उजेड देते, चिप फक्त समोर देते. शिवाय चिपची उष्णता ओढून न्यायला पट्टीला जाडी लागते, त्यामुळे दोन अंगांच्या चिप एकमेकींपासून लांब सरकतात. खाली वाटीची नक्कल म्हणून पत्रा लावलेला असतो, पण त्याचा आकार आणि जागा मूळच्या वाटीशी जुळेलच असं नाही. सगळा फरक मिलिमीटरचा. कुणी म्हणेल, एका मिलिमीटरनं काय होतं? साधा त्रैराशिकाचा हिशेब करा. आरशाचं नाभीय अंतर साधारण २५ मिलिमीटर धरा. उजेडाचा उगम नाभीपासून १ मिलिमीटर सरकला, तर २५ ला १ या प्रमाणात किरण वाकडा जातो. ५० मीटरवर तो २ मीटर चुकतो. त्याच ५० मीटरवर डिपरची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा अर्धा मीटर खाली असायला हवी. ती खाली राहण्याऐवजी काही उजेड मीटर-दीड मीटर वर निघून जातो. आप्पांचे डोळे मोटरसायकलवर बसल्यावर जमिनीपासून जवळपास दीड मीटरवरच येतात.

याच दीड मीटरचा आकडा कायद्यात पण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की पुढच्या दिव्याचा उजेड कायम इतका खाली वळलेला हवा की गाडीपासून ८ मीटर पुढे, उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला तो दिपवणार नाही. नियम करताना डोळ्यांसमोर कोण होतं कोण जाणे, पण वाचताना मला आप्पाच दिसले.

मग प्रश्न उरतो, एवढं बिघडलेलं असताना गाडी चालवणाऱ्याला जास्त दिसल्यासारखं का वाटतं? जे समाधानी आहेत ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच तसं वाटतं, मलाही सात महिने वाटलं. फोकस पसरतो तेव्हा बराच उजेड गाडीच्या पुढच्या १०-२० मीटरवर सांडतो. तो पांढरा असतो, भरपूर असतो, आणि नजर तिथंच खिळते. पण ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पळते. वीस मीटरवरचा खड्डा दिसला तरी तो चुकवायला वेळ उरत नाही. आपल्याला गरज ५०-६० मीटर पुढच्या उजेडाची असते, आणि तिथं हाच पसरलेला उजेड कमी पोचतो. त्यात डोळ्याचीही एक खोड आहे. जवळचा रस्ता झगझगीत असला की बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. काळ्या म्हशी रस्त्यावर बसलेल्या असतात तेव्हा हा गडदपणा किती महाग पडेल, ते वेगळं सांगायला नको.

समोरून दिपलेल्याचे हाल याहून वाईट. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एका झळाळीनं ती तयारी बरीचशी पुसली जाते, आणि वय वाढेल तसा सावरायला लागणारा वेळ वाढतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर उजेड डोळ्यातल्या धुरकट भिंगात पसरतो आणि समोर निव्वळ पांढरा पडदा उभा राहतो. आपल्या रस्त्यांवर रात्री मोटरसायकल चालवणारे किती जण पन्नाशी-साठीचे असतात, ते एकदा मोजा.

दुकानदार या सगळ्यावर खोक्यावरचा लुमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा आकडा दाखवतो. त्यालाही हिशेबानं तपासता येतं. एच-४ हॅलोजनचा प्रमाणित उजेड डिपरला साधारण १००० लुमेन आणि अप्परला १६५० लुमेन, खर्च ५५ आणि ६० वॅट. एलईडी कमी विजेत जास्त उजेड देतो हे खरं, पण प्रत्यक्षात एका वॅटमागे १००-१५० लुमेन धरले तरी पुष्कळ झाले. तेव्हा खोक्यावर २० हजार लुमेन लिहिलंय आणि बल्ब ३० वॅट खातोय, तर तो आकडा खोटा आहे, खरे तीन-चार हजारच. माझ्या बल्बच्या खोक्यावर ६० वॅट लिहिलेलं होतं. ओळखीच्या वायरमननं मीटर लावला, तर तो जेमतेम दोन अँपिअर ओढत होता, म्हणजे २६-२७ वॅट. तेही थंड असताना.

थंड असताना, हे महत्त्वाचं. हॅलोजन आपली उष्णता उजेडाबरोबर पुढे फेकतो. एलईडीची उष्णता मागे, बुडाशी साठते, म्हणून तिथं पंखा किंवा पितळी-तांब्याची फडफडी बसवतात. तापमान फार वाढलं की चांगला बल्ब स्वतःहून उजेड कमी करतो, हलका बल्ब जळून जातो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलं तापमान ४४-४५ अंश, इंजिनाच्या खोलीत त्याहून कितीतरी जास्त. सावद्याच्या माझ्या एका मित्राच्या पिकअपमध्ये डूममागची रबराची टोपी बसेना म्हणून ती काढूनच ठेवली होती. बागेतल्या रस्त्यांची धूळ पंख्यात जाऊन बसली, पंखा अडकला, आणि भरल्या गाडीत कोंडाईबारीच्या घाटात एक दिवा गेला. पावसाळ्यात त्याच उघड्या भोकातून डूममध्ये पाणी शिरून आरशाला डाग पडले, तो खर्च वेगळा.

पाऊस आणि धुक्याविषयी एक समजूत सगळीकडे ऐकू येते: पिवळा उजेड धुकं भेदतो, पांढरा भेदत नाही. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींच्या मानानं इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच उधळतात. खरी अडचण रंगापेक्षा दिशेची आहे. वर गेलेला उजेड धुक्यावर, पावसाच्या धारांवर आपटून आपल्याच डोळ्यांकडे परत येतो. तापीकाठी हिवाळ्यातल्या पहाटे मी अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहायची ती यामुळे, आणि एलईडी असताना ती भिंत डिपरवरही उभी राहायची. "ओला डांबरी रस्ता पांढरा उजेड पिऊन टाकतो" असं ड्रायव्हर लोक म्हणतात, त्यातही तथ्य आहे, पण ओला रस्ता आरशासारखा होऊन कुठलाही उजेड पुढेच सरकवतो, माघारी कमी देतो. रंगाचा खरा तोटा दुसरा आहे. हॅलोजनचं रंगतापमान (आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) साधारण ३२०० केल्विन, बाजारातल्या बहुतेक एलईडीचं ६००० च्या पुढे. ती निळसर झाक समोरच्याला, उजेड तेवढाच असला तरी, जास्त टोचते.

मोटरसायकलवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. बऱ्याच जुन्या १०० सीसी गाड्यांत हेडलाईट बॅटरीवर चालत नाही, मॅग्नेटच्या कॉईलवरून थेट एसी करंटवर चालते. म्हणूनच रेस दिली की उजेड वाढतो, सोडली की मंद होतो. त्यात डीसीवरचा एलईडी टाकला तर तो लुकलुकतो आणि काही दिवसांत मान टाकतो. आधी वायरमनला गाडी एसी की डीसी हे तपासायला लावा. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना दिवा कायम चालू असतो, दिवसाही. अशा गाडीत चुकीचा बल्ब बसवला तर तो समोरच्याला चोवीस तास त्रास देतो.

आता भिंतीची गोष्ट. चोपड्याबाहेर एका जिनिंगच्या (कापसाच्या कारखान्याच्या) कुंपणाची लांब, पांढरी भिंत आहे, पुढे सपाट जागा. मालकाला विचारून एका रात्री मी तिथं गाडी नेली. टायरची हवा बरोबर, डिकी रिकामी, माझ्या जागी मीच बसलेला. आधी गाडी भिंतीला चिकटवून डूमच्या मध्यबिंदूची उंची खडूनं भिंतीवर मारली, ७० सेंटिमीटर भरली. मग टेपनं मोजून गाडी सरळ १० मीटर मागे घेतली. डिपरची वरची कड दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर उतरलेली हवी, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर खाली. म्हणून ६० सेंटिमीटरवर दुसरी आडवी रेघ ओढली.

डाव्या डूममध्ये जुना हॅलोजन घातला, उजव्यात एलईडी ठेवला, आणि एकेक दिवा पुठ्ठ्यानं झाकून बघितला. हॅलोजनचा उजेड पिवळा, पण भिंतीवर सुरीनं कापल्यासारखी कड. रेघेच्या वर अंधार, रेघेच्या लगेच खाली सर्वांत तेज पट्टा, आणि डावीकडे ती चढती तिरपी रेघ. तो तेज पट्टाच लांबचा रस्ता दाखवतो. एलईडीचा उजेड दुप्पट भरेल एवढा होता, पण कड कुठंच नाही. खाली पांढरा ढीग, वर दोन शेपट्या माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेल्या, आणि भिंतीपलीकडच्या निंबाच्या झाडाची पानंसुद्धा उजळलेली. त्या पानांकडे बघताना मला आप्पांची चारी आठवली. दुसऱ्याच दिवशी बल्ब काढले.

सगळ्यांनी काढावेत असं मी म्हणत नाही. चिपची जागा तारेच्या जागेशी जुळवून नेटके केलेले थोडे बल्ब असतात, आणि ते काही डूममध्ये चांगले बसतात, काहीत नाही. जर्मनीत २०२० मध्ये एच-७ च्या एका एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची मान्यता मिळाली, तीही यादीतल्या ठरावीक गाड्यांपुरतीच, कारण तपासणी बल्ब आणि डूम यांच्या जोडीची होते. तुमचा बल्ब एच-७ असेल तर चिपची दोन्ही अंगं आडवी हवीत, घड्याळात पावणेतीन वाजल्यासारखी. उभी बसली की फोकसचा विचका होतो. गाडीला मुळात प्रोजेक्टर असेल, म्हणजे डूममध्ये भिंगाचा गोळा असेल, तर आतला पडदा कड कापतो, समोरच्याला त्रास कमी होतो. तरी लांबचा पल्ला घटतो का, ते भिंतीवर बघावंच लागतं. माझ्या मेहुण्यानं आख्खा एलईडी प्रोजेक्टर बसवून घेतला. डूम तापवून उघडायचा, आत भिंग बसवायचं, परत सील करायचं. खर्च बल्बच्या कितीतरी पट, पण कड सरळ आणि पल्ला खरा. पहिल्या पावसात मात्र एका डूमच्या सीलमधून वाफ धरली आणि परत उघडावा लागला. उजेडाच्या बाबतीत त्याचा अनुभव माझ्यापेक्षा चांगला, हे कबूल. कायद्याचं मात्र लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार मूळ बनावटीत मनानं बदल करायला मोकळीक नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंडाची किंवा तुरुंगाचीही तरतूद केली आहे.

माझ्या गाडीला अखेर काय लागलं ते सांगतो. डूमची प्लास्टिकची काच आपल्या उन्हानं पिवळी पडली होती, ती पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासून घेतली. मग वायरमननं मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर १२.४. स्विचच्या जुन्या बारीक वायरीत करंट वाटेतच मरत होता. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानानं फार झपाट्यानं पडतो, बारा टक्के व्होल्ट गेले की जवळपास तिसरा हिस्सा उजेड गेला समजा. जाड वायर, दोन रिले (बॅटरीचा करंट थेट बल्बला देणारे स्विच), एक फ्यूज आणि चांगली अर्थिंग, एवढं करून होल्डरवर १३.७ आले. मूळच्या ५५-६० वॅटचेच नवे बल्ब घातले आणि भिंतीवर फोकस जुळवला. गाडीची पुढची काच (विंडशील्ड) आतून पुसली, तिच्यावर धुरकट थर असतो आणि त्यानंही समोरचा उजेड पसरतो. मागे चार माणसं किंवा केळीचे घड भरले की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा डॅशबोर्डवरचं ० ते ३ चं चाक फिरवून दिवा खाली घेतो. ते चाक कशासाठी असतं हे मला गाडी घेऊन सहा वर्षं झाल्यावर कळलं.

आप्पांना परवा त्याच रस्त्यावर मुद्दाम समोरून यायला लावलं. ते थांबले नाहीत, हात केला आणि पुढे गेले.

ज्याला आपला बल्ब तपासायचा असेल त्यानं अंधार पडल्यावर यावं. जिनिंगच्या भिंतीवर माझ्या खडूच्या दोन रेघा अजून आहेत. तुमच्या डूमची उंची वेगळी असेल, म्हणून टेप सोबत आणा, आणि काढलेला जुना बल्बही.